अँथनी डिमेलो

हा लेख येशूसंघीय धर्मगुरू व लेखक अँथनी डिमेलो यांच्याविषयी आहे. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे पहिले सचिव अँथनी डिमेलो ही वेगळी व्यक्ती होय.

फादर अँथनी डिमेलो (जन्म : मुंबई, ४ सप्टेंबर १९३१; मृत्यू : न्यू यॉर्क, २ जून १९८७) हे येशूसंघाचे (जेझुइट संघाचे) कॅथॉलिक धर्मगुरू, मानसोपचार-समुपदेशक, ध्यानशिबिरांचे मार्गदर्शक आणि इंग्रजी लेखक होते. पुणे येथे सुरू झालेल्या व पुढे लोणावळ्यास गेलेल्या 'साधना' या संस्थेचे ते संस्थापक होत. श्वासावर लक्ष ठेवणे, स्थिर आसनात बसणे, मौन पाळणे अशा भारतीय ध्यानपरंपरेतील अभ्यासांना त्यांनी ख्रिस्ती प्रार्थनेत स्थान दिले. ख्रिस्ती माणसाने योगमार्गातील साधने वापरावीत काय, आणि वापरल्यास कोठवर, या प्रश्नाची विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जी चर्चा झाली तिच्यात डिमेलो यांचे नाव वारंवार येते. त्यांच्या मृत्यूनंतर ११ वर्षांनी व्हॅटिकनने त्यांच्या काही विचारांबाबत अधिकृत इशारा दिला. त्यांची पुस्तके मात्र जगातील अनेक भाषांत आजही वाचली जातात.

बालपण आणि शिक्षण

डिमेलो यांचा जन्म मुंबईतील एका श्रद्धाळू कॅथॉलिक कुटुंबात झाला. वडील फ्रँक व आई लुइझा यांच्या पाच अपत्यांपैकी ते थोरले. स्नेह्यांमध्ये ते 'टोनी' या नावाने ओळखले जात. वांद्रे येथील येशूसंघीयांनी चालविलेल्या सेंट स्टॅनिस्लॉस शाळेत त्यांचे शिक्षण झाले. धर्मगुरू होण्याची ओढ त्यांना लहानपणापासूनच होती. १९४७ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, ते अंधेरी येथील 'विनयालय' या येशूसंघाच्या दीक्षागृहात दाखल झाले.

१९५२ मध्ये तत्त्वज्ञानाच्या अध्ययनासाठी त्यांना स्पेनमधील बार्सिलोना येथे पाठविण्यात आले. तेथे फादर होसे काल्वेरास यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नाशियस लोयोला यांच्या आध्यात्मिक साधनापद्धतीचे काल्वेरास हे मोठे जाणकार होते. भारतात परतल्यावर डिमेलो यांनी पुण्याच्या डी नोबिली महाविद्यालयात ईशशास्त्राचा अभ्यास केला आणि मार्च १९६१ मध्ये त्यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली. पुढे १९६३-६४ मध्ये त्यांनी अमेरिकेतील शिकागो येथील लोयोला विद्यापीठात मानसशास्त्र व समुपदेशन यांचे शिक्षण घेतले. परतल्यावर विनयालयात नवदीक्षितांना घडविण्याचे काम आणि खानदेशातील शिरपूर येथील मिशनकार्याची जबाबदारी त्यांनी सांभाळली.

इग्नाशियसची परंपरा आणि श्वास

डिमेलो यांनी पूर्वेकडील साधने कोठून घेतली याची चर्चा पुष्कळ होते. त्यांच्या विचारांचा पाया मात्र १५४८ साली पोप तिसरे पॉल यांनी मान्यता दिलेल्या इग्नाशियसच्या साधनाग्रंथात आहे. सुमारे ३० दिवसांच्या एकांतवासात साधकाने चार टप्प्यांतून जावे, अशी या ग्रंथाची रचना आहे. शुभवर्तमानातील प्रसंग डोळ्यांसमोर उभे करणे, तेथील माणसे पाहणे, त्यांचे बोलणे ऐकणे आणि आपणही त्या प्रसंगात वावरणे, ही त्यातील चिंतनाची रीत आहे. प्रार्थनेच्या आरंभी शरीराची कोणती स्थिती साधकाला उपकारक ठरते याचाही विचार त्यात केलेला आढळतो. उभे राहावे, बसावे, गुडघे टेकावे की साष्टांग पडावे, हे ज्याचे त्याने अनुभवाने ठरवावे, अशी मोकळीक इग्नाशियसने ठेवली आहे.

या ग्रंथात प्रार्थनेच्या तीन पद्धती सांगितल्या असून त्यांपैकी तिसरी श्वासाशी निगडित आहे. एका श्वासाबरोबर प्रभूच्या प्रार्थनेतील एक शब्द मनात उच्चारावयाचा आणि पुढचा श्वास येईपर्यंत त्याच शब्दाच्या अर्थावर थांबावयाचे, असा तो अभ्यास आहे. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती मठांतही येशूचे नाम श्वासाच्या लयीत जपण्याची परंपरा शतकानुशतके चालत आली आहे. त्यामुळे श्वास आणि प्रार्थना यांचा मेळ घालणे ही ख्रिस्ती धर्मात बाहेरून आणलेली गोष्ट नाही, असे सांगण्यास डिमेलो यांच्याजवळ आधार होता.

साधना संस्था

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी अन्य धर्मांविषयीचा जाहीरनामा प्रसृत केला. इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते कॅथॉलिक चर्च नाकारत नाही, ही भूमिका त्यात प्रथमच इतक्या स्पष्टपणे मांडली गेली. भारतातील धर्मगुरूंना व धर्मभगिनींना त्यामुळे भारतीय साधनामार्गांचा अभ्यास करण्यास मोठे बळ मिळाले.

या वातावरणात डिमेलो यांनी १९७२ मध्ये पुण्याच्या डी नोबिली महाविद्यालयात समुपदेशनाचे प्रशिक्षण देणारी संस्था सुरू केली. तिलाच पुढे 'साधना' हे नाव मिळाले. १९७८ मध्ये ही संस्था लोणावळ्यास गेली. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली स्थापन केलेल्या कैवल्यधाम योगसंस्थेमुळे लोणावळे हे गाव तोपर्यंत योगाभ्यासाचे केंद्र म्हणून ख्यातनाम झालेले होते. आसन-प्राणायामाचे शिक्षण हा मात्र डिमेलो यांच्या संस्थेचा विषय नव्हता. देशातील निरनिराळ्या भागांतून आलेले धर्मगुरू व धर्मभगिनी तेथे दीर्घ मुदतीच्या शिबिरांत राहत. प्रार्थना, मौन, आत्मपरीक्षण आणि गटामध्ये मोकळेपणाने केलेला संवाद यांतून त्यांचे प्रशिक्षण होई. पाश्चात्त्य मानसोपचारातील गेस्टाल्ट पद्धतीचा उपयोगही डिमेलो करीत.

विपश्यनाचार्य सत्यनारायण गोएंका यांच्या शिबिरातही ते साधक म्हणून बसले होते. दिवसाचे अनेक तास केवळ येणारा-जाणारा श्वास आणि देहावरील संवेदना पाहत राहण्याचा तो अनुभव त्यांच्या पुढील शिकवणीत स्पष्टपणे उतरला.

'साधना' हा ग्रंथ

डिमेलो यांचा पहिला ग्रंथ 'साधना : अ वे टू गॉड' १९७८ मध्ये गुजरात साहित्य प्रकाश, आणंद या प्रकाशनसंस्थेने प्रसिद्ध केला. पौर्वात्य रूपातील ख्रिस्ती अभ्यास असे त्याचे उपशीर्षक आहे. त्यात ४७ अभ्यास असून ते सजगता, कल्पना आणि भक्ती अशा क्रमाने मांडलेले आहेत.

सजगतेच्या विभागात साधकाने पाठ ताठ ठेवून बसावे, डोळे मिटावेत आणि खांद्यांना होणारा कपड्यांचा स्पर्श, पाठीला लागलेली खुर्ची, नाकपुड्यांतून जाणारी हवा अशा साध्या संवेदनांकडे लक्ष द्यावे, असे सांगितले आहे. पद्मासन जमले तर उत्तम, पण त्याचा आग्रह नाही. योगशास्त्रातील प्राणायामात श्वासाचे नियमन असते. डिमेलो यांनी मात्र श्वास लांबवू अथवा रोखू नये, तो जसा चालला आहे तसा केवळ पाहावा, अशी सूचना केली आहे. त्यांचा हा अभ्यास हठयोगापेक्षा विपश्यनेला अधिक जवळचा आहे.

याच विभागात त्यांनी एक प्रसंग सांगितला आहे. त्यांच्या एका येशूसंघीय मित्राने एका हिंदू गुरूकडे प्रार्थनेची दीक्षा मागितली. गुरूने त्याला श्वासावर मन एकाग्र करण्यास सांगितले आणि जी हवा तू आत घेतोस ती देवच आहे, असे समजाविले. मित्राने ही सूचना आपल्या ईशशास्त्राशी मनातल्या मनात जुळवून घेतली आणि तसा अभ्यास सुरू केला. प्रार्थना ही श्वासोच्छ्वासाइतकी सोपी असू शकते, असा त्याला अनुभव आला. योग आणि ख्रिस्ती श्रद्धा यांच्यातील सारा प्रश्न मित्राच्या त्या जुळवून घेण्यात सामावला आहे. हवा हाच देव, असे ख्रिस्ती सिद्धांत मानत नाही, कारण त्याच्या दृष्टीने निर्माता आणि निर्मिती यांत भेद आहे. देव सर्वत्र उपस्थित आहे आणि तोच जीवन देतो, हे मात्र त्याला मान्य आहे. मित्राने पहिल्या विधानाचा दुसऱ्यात अनुवाद केला आणि साधना स्वीकारली.

असे अभ्यास मन शांत करतील, पण त्यांना प्रार्थना म्हणता येईल काय, हा आक्षेप डिमेलो यांच्या शिबिरार्थींनीही घेतला होता. ग्रंथात त्यासाठी स्वतंत्र प्रकरण आहे. विचार आणि कल्पना यांच्या पलीकडे जाऊन ईश्वराला भेटणारी एक आंतरिक शक्ती माणसात असते आणि मन शांत झाल्याशिवाय ती जागी होत नाही, असे त्यांनी तेथे मांडले आहे. त्यासाठी मध्ययुगीन इंग्लंडमधील 'द क्लाउड ऑफ अननोइंग' या ख्रिस्ती गूढवादी ग्रंथाचा आधार त्यांनी घेतला आहे.

ग्रंथाच्या पुढील भागात येशू ही व्यक्ती केंद्रस्थानी येते. एका आजारी मनुष्याला प्रार्थना जमत नसे. समोर रिकामी खुर्ची ठेवून तिच्यावर येशू बसला आहे असे समजावे आणि त्याच्याशी बोलावे, असे त्याला कोणीतरी शिकविले होते. मृत्यूच्या वेळी त्या मनुष्याचे मस्तक खुर्चीवर टेकलेले आढळले, अशी ती कथा आहे. 'साधना' या ग्रंथात श्वास आणि रिकामी खुर्ची या दोन्ही गोष्टी एकत्र नांदतात.

योगाविषयीच्या ख्रिस्ती भूमिका

डिमेलो यांच्यापूर्वी बेनेडिक्टाइन मठवासी जाँ-मारी देशाने यांनी १९५६ साली ख्रिस्ती योगावर पुस्तक लिहिले होते. तमिळनाडूत कावेरीकाठी १९५० मध्ये जूल मोंशानँ आणि आंरी ल सो (स्वामी अभिषिक्तानंद) यांनी शांतिवनम् आश्रम स्थापन केला. भारतीय संन्यासजीवन आणि ख्रिस्ती उपासना यांचा संगम तेथे साधला गेला.

मराठी ख्रिस्ती परंपरेत भारतीय रूपाचा स्वीकार याहून जुना आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली ओवीछंदात अवतरले. रेव्ह. नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांनी अभंगांतून येशूची भक्ती गायिली. अशा काव्याला श्रद्धेच्या अंगाने फारसा अडसर आला नाही, कारण भक्तीत देव व्यक्तिरूपाने समोर असतो आणि भक्त त्याला हाक मारतो. वारकऱ्यांच्या विठ्ठलाच्या जागी येशू आला तरी भक्तीची घडण तीच राहते. योगाची गोष्ट वेगळी आहे. पतंजलीच्या अष्टांगयोगात आसन व प्राणायाम या पायऱ्या असून त्यांचा शेवट समाधीत होतो आणि कैवल्य हे साध्य मानले जाते. तेथे ईश्वरप्रणिधान आहे, परंतु ईश्वराची कृपा हा मुक्तीचा एकमेव आधार नाही. ख्रिस्ती मतानुसार माणसाचे तारण त्याच्या प्रयत्नांनी होत नसून ख्रिस्ताद्वारे मिळणाऱ्या कृपेने होते.

यातून तीन भूमिका निर्माण झाल्या. आसने व श्वास यांना त्यांच्या मूळ तत्त्वज्ञानापासून वेगळे काढताच येत नाही, म्हणून ख्रिस्ती माणसाने योग टाळावा, ही पहिली. देह सर्वांचा सारखाच असल्यामुळे साधने घ्यावीत आणि साध्य ख्रिस्तच ठेवावे, ही दुसरी. साधनांबरोबर येणारी तत्त्वदृष्टीही ख्रिस्ती श्रद्धेला अधिक खोल करू शकते, ही तिसरी. डिमेलो यांच्या आयुष्याचा प्रवास दुसऱ्या भूमिकेतून सुरू झाला आणि तिसरीच्या दिशेने सरकत गेला.

उत्तरकाळातील विचार

'द साँग ऑफ द बर्ड' (१९८२) या पुस्तकापासून डिमेलो यांनी बोधकथांचा आश्रय घेतला. हिंदू, बौद्ध, झेन, सूफी, यहुदी आणि ख्रिस्ती परंपरांतील लहान लहान कथा ते सांगत आणि त्यांवर मोजकेच भाष्य करीत. ख्रिस्तेतर गूढ परंपरांत आपण मनमुराद हिंडलो व त्यांचा आपल्यावर खोल परिणाम झाला, तरी चर्च हेच आपले आध्यात्मिक घर असून तेथेच आपण पुनःपुन्हा परततो, असे त्यांनी या पुस्तकाच्या आरंभी नमूद केले आहे. 'वेलस्प्रिंग्ज' (१९८४) या पुस्तकात पुन्हा ध्यानाचे अभ्यास आहेत, तर 'वन मिनिट विज्डम' (१९८५) मध्ये गुरु-शिष्य संवाद आहेत.

याच काळात त्यांच्या शिबिरांचा रोख बदलला. विशिष्ट तंत्रांपेक्षा जागृतीवर त्यांचा भर वाढला. माणूस झोपेत जगतो, आसक्ती व ठरीव कल्पना यांनी तो बांधलेला असतो आणि स्वतःला बदलण्याची धडपड करण्याऐवजी त्याने स्वतःला नीट पाहिले तर बदल आपोआप घडतो, हे त्यांच्या उत्तरकाळातील शिकवणीचे सूत्र होते. देवाविषयीच्या कल्पनाही अशाच बंधनकारक ठरू शकतात, असे ते सांगत. गुजराती साहित्यिक व गणिताचे प्राध्यापक फादर कार्लोस वालेस हे त्यांच्या शिबिरांत सहभागी झाले होते. या बदलाचे चित्रण वालेस यांनी डिमेलो यांच्यावरील पुस्तकात केले आहे.

निधन

अमेरिकेतील विद्यापीठांत डिमेलो यांच्या शिबिरांना मोठा प्रतिसाद मिळत असे. जून १९८७ च्या आरंभी अशाच कार्यक्रमासाठी ते मुंबईहून न्यू यॉर्कला गेले. 'द प्रेयर ऑफ द फ्रॉग' या पुस्तकाचे हस्तलिखित त्यांनी निघण्यापूर्वी प्रकाशकांच्या स्वाधीन केले होते. २ जून १९८७ रोजी फोर्डम विद्यापीठाच्या आवारात हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय ५५ वर्षे होते. त्यांचे पार्थिव मुंबईस आणून वांद्रे येथे दफन करण्यात आले.

व्हॅटिकनची भूमिका

कॅथॉलिक सिद्धांतांचे रक्षण करणाऱ्या व्हॅटिकनच्या मंडळाने १५ ऑक्टोबर १९८९ रोजी ख्रिस्ती ध्यानाविषयी जगातील सर्व बिशपांना पत्र पाठविले. झेन, भावातीत ध्यान आणि योग यांचा त्यात उल्लेख आहे. अन्य धर्मांतील ध्यानपद्धती केवळ ख्रिस्तेतर आहेत म्हणून नाकारू नयेत, प्रार्थनेचे ख्रिस्ती स्वरूप झाकोळले जाणार नसेल तर त्यांतील उपयुक्त भाग घेता येईल, असे हे पत्र सांगते. देहाच्या विशिष्ट स्थितींमुळे लाभणारी शांतता म्हणजेच पवित्र आत्म्याचा अनुभव, असा समज करून घेऊ नये, असेही त्यात बजावले आहे. ख्रिस्ती प्रार्थना ही दोन व्यक्तींमधील, म्हणजे देव आणि माणूस यांच्यातील भेट असते, हा या पत्राचा गाभा आहे. डिमेलो यांचा नामोल्लेख त्यात नाही.

त्यानंतर २४ जून १९९८ रोजी कार्डिनल जोसेफ रात्झिंगर (पुढे पोप सोळावे बेनेडिक्ट) यांच्या स्वाक्षरीने याच मंडळाची डिमेलो यांच्या लेखनाविषयीची अधिसूचना निघाली. पौर्वात्य शहाणपणातील काही ग्राह्य गोष्टी त्यांच्या लेखनात असून त्या आत्मसंयमनास साहाय्य करतात, हे तिने मान्य केले. आरंभीच्या पुस्तकांत बौद्ध व ताओ विचारांचा प्रभाव असला तरी ती बहुतांशी ख्रिस्ती आध्यात्मिकतेच्या मर्यादेत राहतात, असाही निर्वाळा तिने दिला. परंतु काही स्थळी, विशेषतः नंतरच्या प्रकाशनांत, देव निराकार व अव्यक्त शून्यासारखा होतो आणि येशू हा देवाचा पुत्र न राहता इतरांसारखाच एक जागृत गुरू ठरतो, असा आक्षेप तिने घेतला. अशी मते कॅथॉलिक श्रद्धेशी विसंगत असल्याचा निर्णय मंडळाने दिला.

या निर्णयावर भारतात व बाहेर बरीच चर्चा झाली. डिमेलो हयात नसल्यामुळे त्यांना आपली बाजू मांडता आली नाही आणि त्यांच्या नावावरील काही पुस्तके मृत्यूनंतर ध्वनिफितींवरून इतरांनी तयार केलेली आहेत, याकडे त्यांच्या चाहत्यांनी लक्ष वेधले. 'अवेअरनेस' (१९९०) हे त्यांचे अतिशय लोकप्रिय पुस्तक अशाच प्रकारे, त्यांच्या शिबिरातील भाषणांवरून संपादित झालेले आहे. पुढे प्रकाशकांनी पुस्तकांत खुलासा छापण्यास सुरुवात केली. ही पुस्तके बहुधर्मीय वातावरणात, अन्य धर्मीय व नास्तिक शोधकांनाही साहाय्यभूत व्हावीत म्हणून लिहिलेली असून कॅथॉलिक सिद्धांत शिकविण्यासाठी नाहीत, असा त्याचा आशय आहे.

मूल्यमापन

डिमेलो यांच्यावरील आक्षेप ताठ बसण्याला, श्वास पाहण्याला किंवा मौनाला नव्हता. १९८९ च्या पत्राने अशा साधनांना अटींसह वाव दिला आणि १९९८ च्या अधिसूचनेने 'साधना' या ग्रंथाच्या कालखंडाला पुष्कळसे निर्दोष मानले. मौनाच्या शेवटी काय उरते, हा वादाचा मुद्दा होता. मराठी संतपरंपरेत सगुण आणि निर्गुण ही एकाच तत्त्वाची दोन दर्शने मानली जातात आणि भक्त दोहोंत सहज ये-जा करतो. ख्रिस्ती श्रद्धेतही देव शब्दांपलीकडचा आहे, हे सांगणारे गूढवादी होऊन गेले. तथापि येशूचे सगुण रूप ही मागे टाकावयाची पायरी आहे, असे ती श्रद्धा मानत नाही. डिमेलो यांची वाणी उत्तरकाळात निर्गुणाकडे झुकली. रिकाम्या खुर्चीवर येशूला बसविणारा लेखक आपल्या वाचकांना त्या खुर्चीपासून दूर नेत आहे, असे टीकाकारांना वाटले. तो वाचकांना खुर्चीच्या मोहातून सोडवून येशूच्या अधिक निकट नेत आहे, अशी त्यांच्या शिष्यांची धारणा होती.

स्वतः डिमेलो अखेरपर्यंत येशूसंघाचे सदस्य व कॅथॉलिक धर्मगुरू राहिले. धार्मिक विषयांवरील सोपे, विनोदाची झालर असलेले लेखन आणि श्रोत्यांना अंतर्मुख करणारे वक्तृत्व यांमुळे त्यांचा वाचकवर्ग धर्माच्या सीमांपलीकडे पसरला. त्यांच्या पश्चातही साधना संस्थेचे कार्य चालू राहिले.

प्रकाशित साहित्य

हयातीत प्रसिद्ध झालेली पुस्तके :
• साधना : अ वे टू गॉड (१९७८)
• द साँग ऑफ द बर्ड (१९८२)
• वेलस्प्रिंग्ज (१९८४)
• वन मिनिट विज्डम (१९८५)

मरणोत्तर प्रसिद्ध झालेली पुस्तके :
• द प्रेयर ऑफ द फ्रॉग (पहिला खंड १९८८)
• अवेअरनेस (१९९०)
• कॉन्टॅक्ट विथ गॉड (१९९०)
• कॉल टू लव्ह (१९९१)
• वन मिनिट नॉन्सेन्स (१९९२)